शेजारचा पीसी दिसंना, प्रिंटर छापंना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऑफिसातल्या प्रिंटर शेअरिंगवर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. उद्यमनगर, राजारामपुरी, शिरोली एमआयडीसी, गांधीनगर, कोल्हापुरात सगळीकडनं. आणि बऱ्याच प्रश्नांत शेवटची ओळ सारखीच, "माणूस बोलावला होता, त्यानं फायरवॉल बंद केली, थोडे दिवस चाललं, परत तेच." तेव्हा उत्तरांच्या आधी एवढं सांगतो की फायरवॉल, म्हणजे पीसीत बाहेरनं येणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, बंद करणं, अपडेट अडवून ठेवणं आणि फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' म्हणजे कुणालाही सगळं करायची मुभा देऊन टाकणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. कुठं अडलंय ते न बघता मारलेला दगड आहे तो, लागला तर लागला. कुठं अडलंय हे बघायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त भाग आणि धंदा.

प्रश्न : आमचं छोटं मशिन शॉप आहे. ऑफिसात तीन पीसी, बाहेरच्या पीसीवर ड्रॉइंग आणि कोटेशनचं फोल्डर शेअर केलेलं. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. मागच्या महिन्यात फायबरचं नेट घेतलं, त्या पोरानं नवीन डबा बसवला आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून जुना राउटर पण तिथं ठेवून गेला. तेव्हापासनं आतल्या पीसीवर बाहेरचा पीसी दिसतच नाही. नेट दोन्हीकडं झकास चालतंय. वायर बदलली, विंडोज पण नवीन टाकून घेतलं. आता काय करू?
(शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : विंडोज कशाला नवीन टाकलं राव, त्याची काय चूक! नेट दोन्हीकडं चालतंय पण एकमेकांना दिसत नाहीत, या तुमच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. दोन्ही पीसीवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि तिथं आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' अशी ओळ येईल, तो त्या पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी. माझा अंदाज असा की बाहेरच्याचा १९२.१६८.१.काहीतरी असणार आणि आतल्याचा १९२.१६८.०.काहीतरी. तिसरा आकडा वेगळा निघाला म्हणजे तुमच्या एका ऑफिसात दोन नेटवर्कं झालीत.

झालं असं असणार की नवीन डब्यातनं आलेली वायर त्यानं जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या जागी, खोचली. हा पोर्ट बाकी चार लॅन पोर्टांपासनं जरा बाजूला आणि बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचा असतो. तिथं वायर लावली की जुना राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो, आतल्यांना स्वतः पत्ते वाटतो, आतनं बाहेर जाऊ देतो पण बाहेरच्याला आत घेत नाही. म्हणून नेट चालतं. आतल्या पीसीवरनं बाहेरच्याचा आयपी थेट टाकला तर फोल्डर कदाचित उघडेल सुद्धा, पण नावानं दिसणार नाही आणि बाहेरनं आत तर नाहीच, तेव्हा त्या जुगाडावर राहू नका.

जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर हातानं करायचं आणि याच क्रमानं करायचं : आधी त्या राउटरचा स्वतःचा आयपी बदलून नवीन डब्याच्या रांगेतला, पण डबा जे पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा द्या, मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, मग वायर वॅनमधनं काढून लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी बंद करायच्या आधी वायर हलवली तर दोघं पत्ते वाटायला लागतात आणि मग कुणाला काय मिळेल सांगता येत नाही. सगळं झालं की पीसी रिस्टार्ट करून परत आयपीकॉन्फिग. आता तिसरा आकडा दोन्हीकडं एकच दिसला पाहिजे. कुठं १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या पीसीला कुणी पत्ताच दिलेला नाही, म्हणजे वायर नाहीतर डीएचसीपीचा घोळ, तिथं शेअरिंगची सेटिंग उकरत बसू नका.

एवढं झालं तरी लगेच दिसेलच असं नाही, कारण विंडोजच्या दृष्टीनं हे नवीन नेटवर्क आहे आणि नवीन नेटवर्कला विंडोज 'पब्लिक' धरतं. बसस्टँडवरच्या फुकट वायफायला जे नियम तेच तुमच्या ऑफिसला लागतात मग. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं तुमच्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा, आणि शेअरिंगच्या पानावर प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू. फायरवॉल चालूच ठेवायची, ती प्रायव्हेटला शेअरिंगपुरतं दार स्वतःच उघडते.

अजून एक. 'नेटवर्क'वर क्लिक केल्यावर यादी रिकामी दिसली म्हणजे शेअरिंग बंद आहे असं नसतं. यादी दाखवणं आणि फोल्डर उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि पुढं पीसीचं नाव टाकून एंटर मारा. उघडलं तर काम चालू आहे, फक्त यादीत नाव येत नाही. ती यादी हवीच असेल तर ज्या पीसीवर फोल्डर आहे त्याच्या सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधा आणि ऑटोमॅटिक करून चालू करा. नावानं उघडत नाही पण आयपीनं उघडतंय, तर घोळ फक्त नावाचा. आयपीनं पण नाही, तर परत पहिल्यापासनं पत्ते बघा. पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून, बघायला हरकत नाही पण उत्तर आलं नाही म्हणून पीसी बंद आहे असं समजू नका, फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तरच देऊ देत नाही.

प्रश्न : सर, माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं वगैरे. लेसर प्रिंटर यूएसबीनं विंडोज १० च्या पीसीला जोडलाय आणि बाकी पीसीवरनं शेअरिंगनं प्रिंट देतो. आता विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला, त्यावर प्रिंटर ॲड करायला गेलं की 'कनेक्ट होऊ शकत नाही' म्हणतो आणि खाली शून्यांची माळ, शेवटी ११बी. एका मुलानं रजिस्ट्रीत काहीतरी शून्य करून दिलं तर चालू झालं. तसंच ठेवू का? सध्या लग्नसराई आहे हो, बंद पडलं तर गिऱ्हाईक दारात उभं राहतंय.
(राजारामपुरी)

उत्तर : ताई, लग्नसराई होईपर्यंत वापरा, पण कायमचं ठेवू नका. त्या मुलानं काय केलंय ते आधी सांगतो.

२०२१ च्या जून-जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये एक मोठं भोक सापडलं, 'प्रिंटनाइटमेअर' नावानं गाजलं ते. स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस, ती विंडोजमध्ये सगळ्यात वरच्या अधिकारानं चालते, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणून काहीही आत सरकवता येत होतं. मायक्रोसॉफ्टनं जुलैत घाईघाईनं पॅच, म्हणजे ठिगळ, काढला, ऑगस्टमध्ये नियम केला की शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनच लागणार, आणि सप्टेंबरच्या अपडेटपासनं आधीच जाहीर केलेली आणखी एक सक्ती लागू झाली, ती म्हणजे प्रिंटर असलेला पीसी आणि मागणारा पीसी यांच्यातलं बोलणं एनक्रिप्टेड, म्हणजे तिसऱ्याला कळणार नाही असं, पाहिजे. दोघांपैकी एक जरी जुन्या अपडेटवर अडकलेला असला की ११बी. त्या मुलानं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, जे शून्य केलं त्यानं हीच सक्ती काढून टाकली, म्हणजे तिनं बुजवलेलं भोक परत उघडं.

पहिला उपाय साधा, दोन्हीकडचे अपडेट पूर्ण करा, लॅपटॉपवरचा अर्धवट आलेला प्रिंटर काढून टाका आणि परत ॲड करा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानं होतं. पण तुमचा विंडोज १० आहे आणि त्याचा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा पुढं कधीतरी परत अडेल असं धरून चला आणि दुसरी पद्धत करून ठेवा. मला तीच जास्त आवडते.

आधी लॅपटॉपवरनं दोन बॅकस्लॅश आणि प्रिंटरवाल्या पीसीचं नाव टाकून तो पीसी उघडतोय ना बघा, पासवर्ड मागितला तर देऊन 'रिमेंबर'ची खूण करा. मग त्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरनं थेट लॅपटॉपवर टाका. मग ॲड प्रिंटर, 'हाताने ॲड करा'वाला पर्याय, तिथं 'क्रिएट अ न्यू पोर्ट', प्रकार 'लोकल पोर्ट', आणि पोर्टचं नाव विचारलं की दोन बॅकस्लॅश, पीसीचं नाव, एक बॅकस्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव. पुढं यादीतनं तोच ड्रायव्हर निवडा. आता लॅपटॉपला वाटतं प्रिंटर आपलाच आहे, ड्रायव्हर समोरच्याकडनं आणायचा प्रश्नच उरत नाही, ११बी जिथं अडवतो तो रस्ताच लागत नाही. शेअर नाव छोटं, इंग्रजीत आणि मधे स्पेस नसलेलं ठेवा. 'लेसर१' चालेल, 'ताईंचा नवीन प्रिंटर कॉपी २' ठेवलंत तर टाइप करताना चुकणार. चाचणीची प्रिंट आली की त्या मुलाला बोलावून रजिस्ट्रीतलं ते शून्य काढायला लावा.

विंडोज ११ मध्ये ७०९ नं संपणारा एरर पण खूप जणांना येतोय. त्याच्या २२एच२ या आवृत्तीपासनं प्रिंटिंगचं आतलं बोलणं वेगळ्या रस्त्यानं जायला लागलं, समोर जुना पीसी असला की जमत नाही. त्यालाही हीच लोकल पोर्टची पद्धत बहुतेक वेळा चालते.

प्रश्न : शेअर फोल्डरमधली पत्रिकेची फाइल दुसऱ्या पीसीवर उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. शेअरिंगमध्ये फाइल खराब होते का?
(राजारामपुरी, वरच्याच ताई)

उत्तर : अजिबात नाही. फाइल जशीच्या तशी आलीय, फॉन्ट आलेला नाही. आपल्याकडचे जुने डीटीपीचे फॉन्ट मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या आणि चिन्हांच्या जागेवर बसवतात. फाइलमध्ये 'शुभविवाह' असं नसतंच मुळी, इंग्रजी अक्षरं आणि कंसांची एक रांग असते आणि फॉन्ट तिला मराठीचं रूप देतो. त्या पीसीवर तो फॉन्ट नसला की रांग उघडी पडते. ज्या ज्या पीसीवर काम करायचं तिथं फॉन्ट रीतसर टाकावा लागतो, लायसन्स किती पीसीचं आहे ते बघून. शेअर फोल्डरमध्ये फॉन्ट ठेवून भागत नाही. प्रेसला फाइल देताना कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, द्या पण मूळ फाइल वेगळी जपा, नाहीतर मुलीच्या मामाचं नाव राहिलंय म्हणून फोन आला की सगळी पत्रिका परत बसवावी लागते. युनिकोडमध्ये काम केलेलं असलं तर फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो, फक्त मांडणी हलते.

प्रश्न : मी शाहूपुरीत टॅक्सची कामं करतो. एका पीसीवरचं फोल्डर दुसऱ्यावरनं उघडताना यूजरनेम पासवर्ड मागतं. मी रोज ज्या पिननं पीसी चालू करतो तोच टाकतो, तरी चुकीचा म्हणतंय. पिन शंभर टक्के बरोबर आहे!

उत्तर : पिन बरोबरच आहे, पण पिन फक्त त्या पीसीपुरता असतो, नेटवर्कवरनं तो चालत नाही. तिथं खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर यूजरनेम म्हणून पूर्ण ईमेल. बऱ्याच जणांना तो पासवर्ड आठवतच नाही, कारण पहिल्या दिवसापासनं पिनच वापरला.

माझं ऐकाल तर ज्या पीसीवर फोल्डर आहे तिथं शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं बनवा, त्याला नीट पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा ठेवला तर विंडोज त्या खात्याला नेटवर्कवरनं येऊच देत नाही, हा फार जुना नियम आहे आणि लोक यात हमखास अडकतात. मग दुसऱ्या पीसीवर यूजरनेमच्या जागी पीसीचं नाव, बॅकस्लॅश, खात्याचं नाव असं टाका. पूर्वी चुकीचा टाकलेला पासवर्ड विंडोजनं जपून ठेवलेला असतो आणि तोच परत परत पाठवतं, म्हणून आधी कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या पीसीच्या नावाची जुनी नोंद उडवा. एकाच पीसीकडं एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जाता येत नाही, तसा काही एरर आला तर साइन आउट करून परत या.

आत गेलात पण फाइल सेव्ह होत नाही असं झालं तर परवानग्या दोन ठिकाणी असतात हे लक्षात घ्या, एक शेअरिंगच्या टॅबवर आणि दुसरी सिक्युरिटीच्या. दोन्हीतली जी कडक ती लागू होते. शेअरिंगमध्ये सगळं दिलं आणि सिक्युरिटीत फक्त रीड असलं तर फाइल वाचताच येणार.

कोणी तुम्हाला सांगेल की 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा, कटकट मिटेल. तुमच्याकडं लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, फॉर्म १६ पडलेले असतात, आणि ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड चहावाल्या पोराला पण माहिती असतो. नको. शिवाय विंडोज ११ प्रो च्या २४एच२ पासनं बिनपासवर्डचं पाहुणं खातं समोरच्या पीसीनं दिलं तरी विंडोज स्वतःच नाकारतं, तेव्हा ती वाट तशीही बंद होत चाललीय.

प्रश्न : गांधीनगरला कापडाचं होलसेल आहे. वायफायचा प्रिंटर रोज सकाळी 'ऑफलाइन' दाखवतो. काढून परत ॲड केला की चालतो. रोज कोण करणार?

उत्तर : रात्री सगळं बंद करता, सकाळी राउटर प्रिंटरला नवीन आयपी देतो, पीसी जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे या प्रिंटरला कायम हाच आयपी. त्यासाठी प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कंपनीनं दिलेला त्याचा ओळख नंबर, लागतो, तो प्रिंटरवरनंच निघणाऱ्या नेटवर्क रिपोर्टच्या पानावर असतो. मग पीसीवर प्रिंटरच्या पोर्ट्स टॅबमध्ये 'डब्ल्यूएसडी' दिसत असेल तर तो सोडून 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' बनवा आणि तो ठरलेला आयपी द्या. एवढं करूनही प्रिंट येतेय पण ऑफलाइनच दाखवतंय तर त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस'ची खूण काढा.

प्रश्न : एक प्रिंट अडकली की मागची सगळी अडकतात, कॅन्सल केलं तर 'डिलीटिंग' म्हणत तासभर तसंच. काय करायचं?
(महाद्वार रोड, पूजा साहित्य)

उत्तर : ज्या पीसीला प्रिंटर जोडलाय तिथं करा, दुसरीकडं करून उपयोग नाही. सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर, त्याच्या आतल्या फायली डिलीट करा, फोल्डर नाही. स्पूलर परत चालू. मिनिटाचं काम.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमच्या मशिनला जोडलेला पीसी अजून विंडोज एक्सपीवर आहे, त्याचं सॉफ्टवेअर पुढं चालतच नाही. नवीन पीसीवरनं त्याच्यात प्रोग्रॅम टाकायला शेअरिंग हवं. एका भावानं 'एसएमबी १' चालू करून दिलं तर चाललं, थोड्या दिवसांनी आपोआप बंद. परत चालू केलं, परत बंद. हे काय गौडबंगाल?

उत्तर : गौडबंगाल नाही, विंडोज मुद्दाम करतंय. एसएमबी म्हणजे फाइल शेअरिंगची भाषा, आणि एक्सपीला तिची फक्त पहिली, जुनी आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातनं. त्याचा पॅच मार्चमध्येच येऊन पडला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ लाच संपलेला, तरी त्या वेळी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी खास पॅच काढावा लागला, यावरनं काय ते समजा. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासनं मायक्रोसॉफ्टनं नवीन विंडोजमधनं एसएमबी १ काढायला सुरुवात केली. हातानं चालू केलं आणि पंधरा दिवस वापरलं नाही तर ते स्वतःला काढून टाकतं. विंडोज फीचर्सच्या यादीत 'एसएमबी १.०' समोरचं अधिक चिन्ह दाबा, खाली तीन खुणा दिसतील, त्यातली 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'ची आहे ती हीच.

आता ती खूण काढली की तुमचं काम होईल, पण थांबा. बाकीच्या दोन खुणा म्हणजे 'क्लायंट' आणि 'सर्व्हर'. दुसऱ्याकडं जायला क्लायंट, दुसऱ्याला आपल्याकडं यायला सर्व्हर. तुमच्या भावानं तिन्ही टिक केल्या असणार, सगळे तसंच करतात. नवीन पीसीवरनं एक्सपीत फाइल टाकायची तर क्लायंट पुरतो, सर्व्हरची खूण आजच काढा, आणि हे फक्त एकाच पीसीवर करा, अख्ख्या ऑफिसात नको. त्या पीसीत एक जास्तीचं लॅन कार्ड टाका, त्यातनं थेट वायर एक्सपीला, आणि दोन्ही टोकांना हातानं वेगळ्याच रांगेतले पत्ते द्या, समजा १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२. गेटवेची जागा रिकामी सोडायची. एक्सपीला मग इंटरनेट नाही, ऑफिसचं नेटवर्क नाही, फक्त तो एक पीसी. हा पीसी विंडोज ११ प्रो २४एच२ असेल तर साइनिंगच्या (प्रत्येक निरोपावर सही हवीच) सक्तीमुळं एक्सपीशी जमणं अवघड, तिथं एसएमबी विसरून एफटीपी, ही फायली पाठवायची दुसरी जुनी पद्धत, लावा, एक्सपीला एफटीपी चांगलं येतं. आणि दिवसाला दोन-तीन प्रोग्रॅमच टाकायचे असतील तर भावा, एक पेनड्राइव्ह फक्त त्या मशिनसाठी ठेव आणि सोड विषय.

प्रश्न : झेरॉक्स सेंटर आहे. हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं स्कॅनिंगचं काम लई वाढलंय. मोठ्या मशिनवरनं स्कॅन केलं की थेट पीसीच्या फोल्डरमध्ये यायचं. पीसी बदलून विंडोज ११ चा घेतला आणि ते बंद पडलं.
(भाऊसिंगजी रोड)

उत्तर : वरच्या एक्सपीच्या आणि पासवर्डच्या उत्तरांची बेरीज आहे ही. मशिन जुनं असेल तर ते एसएमबी १ बोलत असणार, किंवा पासवर्डशिवाय जात असणार. ब्राउजरमध्ये मशिनचा आयपी टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडा, एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय असेल तर चालू करा, नसेल तर सर्व्हिसवाल्याला फर्मवेअर, म्हणजे मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट विचारा. पीसीवर 'स्कॅन' नावाचं लोकल खातं, त्याला पासवर्ड, आणि फक्त स्कॅनच्या फोल्डरवर लिहायची परवानगी. तेच नाव-पासवर्ड मशिनच्या ॲड्रेस बुकमध्ये भरा. यातलं काहीच जमलं नाही तर बहुतेक मशिनमध्ये एफटीपी असतं.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. टॅलीचा डेटा एका पीसीवर, दोन पोरं दुसऱ्या पीसीवरनं वायफायनं एंट्री करतात. स्लो चालतं, आणि लाइट गेली की हमखास डेटा बिघडतो. पीसीला यूपीएस आहे तरी. आणि दुसऱ्या पीसीच्या शेअर फोल्डरमध्ये रोज कॉपी ठेवतो, तो बॅकअप धरायचा ना?

उत्तर : मालक, पीसीला यूपीएस आहे पण राउटरला आणि स्विचला (सगळ्या वायरी जोडतात तो डबा) आहे का? बघा एकदा. लाइट गेली की तिन्ही पीसी चालू आणि मधला डबा बंद, म्हणजे एंट्री लिहिता लिहिता रस्ताच तुटतो. डेटा तिथं बिघडतो. राउटर-स्विचला कितीशी वीज लागते, त्याच यूपीएसवर घ्या.

टॅलीसाठी वायफाय नकोच. कॅट ६ ची वायर ओढा, शंभर मीटरपर्यंत चालते, तुमचं दुकान काय तेवढं लांब नाही. स्विच गिगाबिट घ्या. डेटावाल्या पीसीचं स्लीप बंद करा, नाहीतर तुम्ही जेवायला गेलात की तो झोपतो आणि पोरं बसतात. आणि लायसन्स बघा, सिल्व्हर एकट्यासाठी असतं, तिघांनी एका वेळी काम करायचं तर गोल्ड लागतं.

राहिली कॉपी. तो बॅकअप नाही. दोन्ही पीसी एकाच नेटवर्कवर, एकाला रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, लागलं तर शेअर फोल्डरमधली कॉपी पण तेच कुलूपबंद करतं, आणि फोल्डरवर लिहायची परवानगी तुम्हीच दिलेली असते. शिवाय दोन्ही एकाच खोलीत. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते मी तुम्हाला सांगायला नको, किती जणांचे सीपीयू टेबलाखाली जमिनीवर होते ते पण तुम्ही बघितलंय. दोन यूएसबी हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून कॉपी, कॉपी झाली की वायर काढायची आणि एक कायम घरी. महिन्यातनं एकदा त्यातला डेटा दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर करून उघडतोय का बघायचा.

प्रश्न : दुकानासाठी नवीन प्रिंटर घ्यायचाय, तीन पीसी आहेत. शेअरिंगला सोपा कुठला?
(रंकाळा स्टँड परिसर)

उत्तर : ज्याच्या मागं लॅनचा पोर्ट आहे तो. कंपनी कुठलीही बघा. बऱ्याच मॉडेलच्या नावात शेवटी एन असला तर लॅन आणि डब्ल्यू असला तर वायफाय असतं, पण दुकानदाराच्या शब्दावर न जाता मागची बाजू डोळ्यांनी बघा. वायर थेट स्विचला, आयपी पक्का, तिन्ही पीसीवर ड्रायव्हर. मग कुठलाही एक पीसी चालू ठेवायची गरज नाही, ११बी नाही, पासवर्ड नाही. यूएसबीवाल्यापेक्षा थोडे पैसे जास्त जातील. आणि घ्यायच्या आधी टोनर कितीला मिळतो, रिफिल होतो का, त्यात चिप आहे का हे विचारून घ्या, पुढचा सगळा खर्च त्यातच आहे.